‘कॅज्युअल’ म्हणजे नेमके काय, ते बातमीत लिहावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या नाशिकच्या पानांवर एकाच दिवशी तीन ठिकाणी ‘कॅज्युअल’ हा शब्द वाचला. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एक ‘कॅज्युअल कामगार’ भाजून जखमी झाल्याची एक बातमी होती. त्याच पानावर खाली, रस्त्यांच्या रखडलेल्या कामांबद्दल अधिकाऱ्यांचा ‘कॅज्युअल दृष्टिकोन’ असल्याची नागरिकांची तक्रार होती. उजव्या बाजूच्या चौकटीत एका महाविद्यालयाच्या स्नेहमेळाव्याला माजी विद्यार्थ्यांनी ‘कॅज्युअल पोशाखात’ यावे, अशी विनंती होती. एका पानावर एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी आला, आणि त्यांपैकी एका ठिकाणी तो ज्याचा हात भाजला त्या माणसाच्या नावाच्या जागी आला होता. त्याचे नाव बातमीत नव्हते. तो कॅज्युअल होता, एवढेच वाचकाला कळले. हे पत्र लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये बत्तीस वर्षे काम केले. कामगारांची हजेरी लिहिणे, रजा मांडणे, पगारासाठी दिवस मोजून देणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे हा शब्द मी जितक्या वेळा हाताने लिहिला असेल, तितका क्वचितच कोणी लिहिला असेल. आमच्याकडे कायम कामगारांचे जाड बांधणीचे हजेरीपुस्तक होते आणि त्यात ‘कॅज्युअल रजा’ असा एक उभा रकाना होता. दुसरे एक पातळ, बिनबांधणीचे पुस्तक होते, त्याच्या पुठ्ठ्यावरच ‘कॅज्युअल’ असे लिहिलेले असे. पहिल्या पुस्तकात तो शब्द म्हणजे हक्काचे आठ दिवस. दुसऱ्या पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ असा की, उद्या सकाळी फाटकातून आत घेतीलच असे नाही. दिंडोरीकडचा एक मुलगा कामाला लागून जेमतेम महिना झाला असेल, बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस सुटी मागायला माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “साहेब, कॅज्युअल रजा मांडा ना, ती आमचीच असते ना?” त्याने पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचे अक्षर वाचून सरळ अर्थ लावला होता. कॅज्युअल रजा कॅज्युअल कामगाराला मिळत नाही, हे त्याला समजावून सांगताना मला शब्द सापडेनात, कारण अडचण त्याच्या समजुतीची नव्हतीच, ती शब्दाची होती.

या शब्दाचे मूळ पाहिले तर एवढे अर्थ एका ठिकाणी कसे आले, ते थोडे उमगते. लॅटिन भाषेत ‘कादेरे’ म्हणजे पडणे. त्यावरून ‘कासुस’, म्हणजे पडणे आणि मग जे अवचित येऊन पडते ते, अर्थात योगायोग किंवा प्रसंग. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला, तेव्हा ‘योगायोगाने घडणारे’ एवढाच त्याचा अर्थ होता. न्यायालयातली ‘केस’, नशिबाचा ‘चान्स’, रस्त्यावरचा ‘अॅक्सिडेंट’ आणि रुग्णालयातली ‘कॅज्युअल्टी’ ही सगळी याच घराण्यातली भावंडे आहेत. पुढे ‘अवचित’ याचे ‘अनियमित’ झाले, ‘अनियमित’ याचे ‘आधी न ठरवलेले’ झाले, त्यातून ‘मोकळे, सैल’ असा अर्थ निघाला, आणि सैलपणाच्या शेवटच्या टोकाला ‘बेफिकीर’ हा अर्थ जाऊन बसला. इंग्रजी बोलणारा माणूस संदर्भावरून यांतला नेमका अर्थ उचलतो, कारण तो शब्द त्याच्या कानावर लहानपणापासून आहे. आपल्याकडे मात्र हे सगळे अर्थ एकदम, गाठोडे बांधून आल्यासारखे आले.

पडण्यावरून योगायोग सुचणे मराठीलाही परके नाही. आपली गाठ पडते, गरज पडते, बाका प्रसंग पडतो, आणि पोटासाठी माणूस पडेल ते काम करतो. ‘पडेल ते काम’ हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा मनात घोळवले आहेत. रोजंदारीवरच्या माणसाचे जगणे त्यांत पुरते आले आहे आणि त्याच्याबद्दल वाईट असे त्यांत अक्षरही नाही. काम पडते, माणूस ते करतो. ‘कॅज्युअल’ म्हटले की मात्र कामाचे अनिश्चितपण माणसाच्या अंगाला चिकटते, आणि हा माणूसच काहीसा सैल, मन नसलेला असावा, अशी छटा ऐकणाऱ्याच्या मनात नकळत उमटते.

कायद्यानेही या शब्दाला कधी स्वच्छ अर्थ दिला नाही. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ याखालच्या केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, कामगारांचे सहा वर्ग केले होते: कायम, परिवीक्षाधीन (म्हणजे प्रोबेशनवरचा), बदली, तात्पुरता, कॅज्युअल आणि शिकाऊ. त्यात बदली कामगाराची व्याख्या नीट आहे. कायम किंवा परिवीक्षाधीन कामगार काही काळ गैरहजर असताना त्याच्या जागी नेमलेला, तो बदली. तात्पुरत्याचीही आहे. मुळातच तात्पुरत्या असलेल्या आणि ठरावीक मुदतीत संपणाऱ्या कामासाठी घेतलेला, तो तात्पुरता. कॅज्युअल कामगाराची व्याख्या काय, तर ज्याची नोकरी कॅज्युअल स्वरूपाची आहे तो. एवढेच. हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावण्याची सक्ती त्याच कायद्यात होती, म्हणून आमच्या फाटकाशेजारीही मराठी फलक होता. त्यावर ‘नैमित्तिक कामगार म्हणजे ज्याची नोकरी नैमित्तिक स्वरूपाची आहे असा कामगार’ असे पांढऱ्या रंगात लिहिले होते. सकाळच्या पाळीला त्या फलकाखाली बसून मुले डबा उघडून नाश्ता करीत, आणि फलक वाचूनही आपण कोण हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

त्यांना कळत असे ते एका आकड्यावरून. सातपूर-अंबड भागात ‘दोनशे चाळीस’ हा आकडा स्वतःच एक शब्द आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ प्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम झाले की एक वर्षाची सलग सेवा धरली जाई, आणि मग कामावरून कमी करताना नोटीस व भरपाई देणे मालकाला भाग पडे. भरपगारी रजेसाठीही कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये हाच २४० दिवसांचा आकडा होता. म्हणून दोनशे वीस, दोनशे तीस दिवस भरत आले की ‘ब्रेक’ दिला जाई. आठ-पंधरा दिवस घरी, मग नवे कार्ड, नवा नंबर आणि तेच मशीन. सेवेत खंड पडत नसे, तो पाडला जात असे, आणि मी माझ्या हाताने तो पुस्तकात मांडत असे. सात-आठ वर्षे एकाच मशीनवर काम केलेल्या माणसाला कागदावर ‘कॅज्युअल’ म्हणायचे, यात अवचित काय होते? त्याच्याइतके ते मशीन कोणालाही माहीत नव्हते. योगायोगाचा शब्द पुरत्या ठरवून केलेल्या व्यवस्थेला लावला गेला होता. माझ्या सगळ्या नोकरीत मला याइतके काहीच खुपले नाही.

या शब्दाने माणूस कसा भरडला जातो, ते मी एकदा अगदी जवळून पाहिले. १९९७ सालच्या श्रावणात, रात्रपाळीत, हरसूलकडच्या एका कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेसच्या यंत्रात गेली. कारखान्याच्या जीपमधून त्याला रुग्णालयात नेले, सोबत मी होतो. ज्या दारातून आत नेले त्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत ‘कॅज्युअल्टी’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको लहान मूल कडेवर घेऊन एसटीने आली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिने ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचली, बराच वेळ गप्प उभी राहिली, आणि मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “भाऊ, यांना कॅज्युअलांच्या दवाखान्यात आणलंय का? पर्मनंटचा दवाखाना कुठं असतो? तिथं नेलं तर बोटं वाचतील का?”

मी तिला सांगितले की बाई, अपघात झालेल्या कोणालाही आधी इथेच आणतात, साहेब असला तरी इथेच. तिचा विश्वास बसला असे मला वाटले नाही. बसावा तरी का? तिच्या नवऱ्याच्या कार्डावर तोच शब्द होता आणि आता दवाखान्याच्या दारावरही तोच होता. पुढे वाचनात आले की इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात निर्धनांसाठीच्या ‘वर्कहाऊस’मध्ये एका रात्रीच्या आसऱ्यासाठी येणाऱ्या फिरस्त्यांना ‘कॅज्युअल’ म्हणत, आणि त्यांना ठेवायच्या वेगळ्या जागेला ‘कॅज्युअल वॉर्ड’. सकाळी सोडण्यापूर्वी त्यांच्याकडून खडी फोडून घेत, किंवा जुन्या दोरखंडांचे पीळ उकलून घेत. म्हणजे हरसूलच्या त्या बाईची शंका निराधार नव्हती. ज्या देशातून हा शब्द आला, तिथे या नावाच्या माणसांसाठी या नावाची वेगळी जागा खरोखरच होती.

त्या अपघाताची नोंद दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. ‘कॅज्युअल कामगाराच्या कॅज्युअल वागण्यामुळे अपघात घडला’ असे इंग्रजीत एका ओळीत लिहून आले होते आणि ते मी रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचे होते. वस्तुस्थिती अशी होती की प्रेसवरचे संरक्षक आवरण नग भराभर निघावेत म्हणून काढून ठेवलेले होते, आणि त्या कामगाराला त्या प्रेसवर बसवून दोनच दिवस झाले होते. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण असलेच पाहिजे, असे कारखाने अधिनियमाचे २१ वे कलम सांगत होते. पण अहवालातल्या त्या एका शब्दाने आवरणाची गोष्ट झाकून टाकली. आधी नोकरीचा प्रकार सांगायला आलेला शब्द पुढच्याच पावलावर त्या माणसाचा दोष सांगायला वापरला गेला, आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटले. मी ते वाक्य जसेच्या तसे उतरवले. तेव्हा मी काही बोललो नाही, याचे दुःख मला आजही आहे, आणि आपल्याला हे पत्र लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

नुकसानभरपाईच्या कायद्यातही हा शब्द बरीच वर्षे दबा धरून होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात ‘कामगार’ या व्याख्येतून, ज्याची नोकरी कॅज्युअल स्वरूपाची आहे आणि जो मालकाच्या धंद्याखेरीज दुसऱ्या कामासाठी ठेवलेला आहे, अशा माणसाला वगळलेले होते. घराला चुना लावायला किंवा विहिरीतला गाळ काढायला बोलावलेला माणूस पडून मेला तर तो या शब्दामुळे कायद्याबाहेर जाऊ शकत असे. हा अपवाद काढून टाकायला २००० साल उजाडावे लागले.

आता ‘अधिकाऱ्यांचा कॅज्युअल दृष्टिकोन’ या प्रयोगाकडे पाहावे. कामगाराच्या बाबतीत जो शब्द दोष वाढवतो, तोच अधिकाऱ्याच्या बाबतीत दोष हलका करतो. रस्त्यावरचा खड्डा चार महिने बुजवला गेला नाही आणि त्यात पडून कोणाचा पाय मोडला, तर त्याला मराठीत कर्तव्यात कसूर म्हणतात. जाणूनबुजून दुर्लक्ष असेल तर बेपर्वाई, काम लांबवले असेल तर चालढकल, नीट लक्ष दिले नसेल तर हयगय, घ्यायची काळजी घेतली नसेल तर निष्काळजीपणा, आणि निव्वळ ढिलाई असेल तर हलगर्जीपणा. यांतल्या प्रत्येक शब्दाला स्वतःचे वजन आहे आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. चौकशी समितीपुढे ‘हयगय’ सिद्ध करावी लागते. ‘कॅज्युअल दृष्टिकोन’ सिद्ध करायची गरज कोणालाच नसते, कारण त्यातून आरोप असा काही निघतच नाही. जणू साहेबांनी इस्त्री न केलेला शर्ट घातला होता, तेवढेच त्यांचे चुकले. आपल्या वार्ताहरांनी येथे कोणता शब्द योग्य ते ठरवण्याचे कष्ट घ्यावेत. ते ठरवताना नेमके काय घडले याची चौकशी आपोआप करावी लागेल.

युद्धाच्या बातम्यांत तर ‘कॅज्युअल्टी’ या शब्दाच्या भाषांतराने थेट चूक होते. सैन्याच्या भाषेत कॅज्युअल्टीच्या आकड्यात ठार झालेले, जखमी झालेले, बेपत्ता असलेले आणि शत्रूच्या हाती सापडलेले, असे सगळे धरतात. तो आकडा ‘मृत’ म्हणून छापला की ठार झालेल्यांची संख्या वाचकाला कितीतरी पट मोठी वाटते. देवळाली कॅम्पच्या आसपास ज्यांचे भाऊ, मुलगे, नवरे सैन्यात आहेत अशी कितीतरी घरे आहेत. सीमेवर काही घडले की तिथे वर्तमानपत्र उघडताना हात थरथरतात. ठार किती आणि जखमी किती हे त्यांना वेगवेगळे कळले पाहिजे.

रजेच्या बाबतीत मराठीने मात्र चांगले काम केले आहे, ते मुद्दाम सांगतो. सरकारी मराठीत या रजेला ‘नैमित्तिक रजा’ म्हणतात आणि शाळांच्या अर्जांत ‘किरकोळ रजा’. मला पहिला शब्द अधिक नेमका वाटतो. धर्मशास्त्राने कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. रोजची संध्या हे नित्य, ग्रहणाचे स्नान हे नैमित्तिक, म्हणजे निमित्त आले तरच, पण आले की टाळायचे नाही असे. गोदाकाठच्या माणसाला हे निराळे समजवावे लागत नाही. रामकुंडावर पर्वकाळी कोण कशासाठी उतरतो, हे तो जन्मापासून पाहत आलेला असतो. रजेलाही निमित्त लागते: मूल आजारी पडले, पाहुणा आला, पाण्याची टाकी फुटली. हा शब्द उच्चारला की रजा घेणारा आळशी ठरत नाही, उलट त्याच्याकडे काही कारण आहे हे गृहीत धरले जाते. सरकारी नियमांतही हेच तत्त्व आहे, कारण नैमित्तिक रजेवर असलेला कर्मचारी कामावरून गैरहजर समजला जात नाही आणि त्याचा पगारही खंडित होत नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या अधिनियमानेही कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजेचा हक्क दिला आहे. मात्र वर्षअखेरीस उरलेले दिवस बुडतात, आणि कितीतरी दुकानांतल्या मुलांना आपल्याला ही रजा आहे हेच ठाऊक नसते. मेन रोडवरच्या दुकानांत काम करणाऱ्या दोन-तीन मुलांना मी विचारले, तेव्हा त्यांना ‘कॅज्युअल’ म्हणजे दुकानात डाव्या मांडणीवर ठेवलेले शर्ट, एवढेच माहीत होते.

कपड्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तिथे या शब्दाने कोणाचे नुकसान होत नाही. तरीही आपल्या घरांत कपड्यांची जी वाटणी होती ती किती स्पष्ट होती, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरात घालायचे, जायचे-यायचे आणि ठेवणीतले, असे तीन ढीग कपाटात असत. ‘जायचे-यायचे घाल’ असे आई म्हणाली की कोणता शर्ट काढायचा हे सहा वर्षांच्या मुलालाही समजे. ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे निमंत्रणावर वाचून मात्र चाळिशीतले लोक एकमेकांना फोन करून विचारतात, असे मी माझ्या घरात पाहिले आहे. तरुण मंडळी आपसात हा शब्द ज्या ज्या अर्थाने वापरतात, त्यात मी पडणार नाही. तो त्यांचा शब्द आहे आणि त्यांना तो नीट समजतो.

अनौपचारिक, मोकळ्या वागण्यासाठी तर मराठीत शब्दांची चणचण कधीच नव्हती. मोकळेढाकळे, ऐसपैस, अघळपघळ, घरगुती. आणि या सर्वांत मला सर्वाधिक प्रिय असलेला ‘सहज’. शेजारी दाराशी येतो, आपण विचारतो, “काय काम काढलंत?” आणि तो म्हणतो, “काही नाही, सहज आलो.” या सहजचे कोणी ‘कॅज्युअली आलो’ करतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण हे दोन शब्द एकमेकांच्या जवळचेही नाहीत. ‘सहज’ म्हणजे सोबत जन्मलेले. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘सहज कर्म’ म्हटले आहे ते माणसाच्या जन्मासोबत आलेल्या कर्माला. इंग्रजी शब्द पडण्यातून आला आहे, आपला जन्मण्यातून. शेजारी सहज येतो म्हणजे योगायोगाने येत नाही. येण्यासाठी कारण लागावे एवढे अंतरच त्या दोन घरांत नसते.

कामगारांसाठीही आपल्या भाषेत किती शब्द आहेत, ते एकदा नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या मजूर बाजारात उभे राहून ऐकावे. पेठ, हरसूल, सुरगाणा भागातून आलेली माणसे तिथे सकाळी द्राक्षबागांच्या कामासाठी जमतात. कोणी ‘रोजाने’ जातो, म्हणजे दिवसाची मजुरी ठरवून. टोळी ‘उक्ते’ घेते, म्हणजे एकराचे किंवा बागेचे मिळून एक मोल ठरवून. छाटणीपुरता आला तो ‘हंगामी’. वर्षाने बांधलेला ‘सालदार’, ज्याचा करार खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. महिन्याने ठेवलेला ‘महिनदार’. बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली राबतो तो ‘बिगारी’. प्रत्येक शब्दात मजुरी कशी ठरली आणि किती मुदतीची हे आलेले आहे. वाचकाला आणि कायद्याला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. या सगळ्यांना एका ‘कॅज्युअल’मध्ये कोंबले की ते सारे पुसले जाते. कौशल्यही पुसले जाते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कितव्या दिवशी कोणत्या अवस्थेतला घड औषधाच्या द्रावणात बुडवायचा आणि किती वेळ, विरळणी करताना कोणते मणी काढायचे आणि कोणते ठेवायचे, हे त्या बाईमाणसांच्या बोटांना ठाऊक असते. एक दिवस चुकला तर बागायतदाराचे वर्ष हातचे जाते. एवढे दिवस मोजून केलेल्या कामाला अवचित पडलेले काम कसे म्हणावे?

काही जाणकार म्हणतील की ‘कॅज्युअल’ हा शब्द आता मराठी झाला आहे, कामगार स्वतःही तोच वापरतात, आणि ‘नैमित्तिक कामगार’ म्हटले तर कोणाला समजणार नाही. पहिली गोष्ट मला मान्य आहे. टेबल, स्टेशन, पगार, हजेरी हे शब्द कोठून आले हे आपण विचारत बसत नाही, आणि परका शब्द आला म्हणून भाषा बाटली असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. ‘नैमित्तिक कामगार’ हा शब्द सातपूरच्या फाटकावर चालला नाही, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की परका शब्द जिथे एक नेमकी वस्तू सांगतो तिथे तो खुशाल राहू द्यावा, आणि जिथे तो पाच गोष्टींवर एकच पांघरूण घालतो तिथे वर्तमानपत्राने ते उचलून खाली काय आहे ते पाहावे. ‘रोजंदारीवरील’, ‘कंत्राटदाराकडील’, ‘बदली’, ‘हंगामी’ हे शब्द कामगारालाही कळतात आणि वाचकालाही.

यासाठी एक विनंती आहे. २०२७ च्या सिंहस्थाची कामे शहरात आणि त्र्यंबकेश्वरला सुरू आहेत. घाट, रस्ते, स्वच्छता, मंडप यांसाठी रोजाने आणि कंत्राटाने येणारी माणसे पुढचे बरेच महिने दिसणार आहेत, आणि त्यांच्याविषयीच्या चांगल्या-वाईट बातम्या आपल्या पानांवर येणार आहेत. त्या देताना माणूस रोजाने होता की कंत्राटदाराकडे, कंत्राटदार कोण, किती दिवसांपासून कामावर होता, त्याला हातमोजे, बूट, शिरस्त्राण दिले होते की नाही, हे आपल्या वार्ताहरांनी विचारून लिहावे, आणि त्याच्या घरच्यांची हरकत नसेल तर त्याचे नाव व गावही द्यावे. अंबडच्या ज्या कामगाराची बातमी मी वर सांगितली, तो आता कसा आहे, त्याचा हात बरा झाला का, आणि उपचाराचा खर्च कोण करत आहे, हेही पुढच्या एखाद्या अंकात वाचायला मिळावे. मी रोज ते पान त्यासाठी उघडतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टाइमकीपर,
सातपूर, नाशिक